पत्ता यंत्राचा की दाराचा?

संगणकांना परस्परांशी जोडणारी 'स्विच' नावाची पेटी आज शाळा, ग्रंथालये, बँका, रुग्णालये अशा सर्वच ठिकाणी आढळते. दिव्याच्या बटणासही हाच शब्द लावला जातो; पण येथे अभिप्रेत असलेला स्विच निराळा. दर्शनी बाजूस ओळीने मांडलेल्या आठ, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस खोबणी, प्रत्येक खोबणीत एक तार आणि तारेच्या दुसऱ्या टोकास एक संगणक, असे त्याचे बाह्य रूप असते. या खोबणींना पोर्ट म्हणतात. पेटीच्या मागे किंवा तळाशी एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली असते व तीवर बारा अंकाक्षरांचा एक क्रमांक छापलेला असतो. हा त्या पेटीचा हार्डवेअर पत्ता होय. तंत्रज्ञ त्यास मॅक पत्ता म्हणतात.

कारखान्यात घडलेल्या वस्तूस कारखान्याने क्रमांक द्यावा, यात नवल नाही. परंतु पेटी बसवून झाल्यावर तंत्रज्ञ केवळ काही आज्ञा लिहून तीत नवी द्वारे निर्माण करू शकतो. या द्वारांना तार नसते, खोबण नसते, हाताला लागेल असे काहीच नसते. त्यांना व्हीलॅन इंटरफेस, म्हणजे आभासी जाळ्याचे द्वार, असे म्हणतात. जाळ्यातील संगणकांना या द्वारांशी बोलावयाचे तर त्यांनाही पत्ता हवाच. जी वस्तू कारखान्यात घडलीच नाही, तिचा पत्ता कोठून यावा? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो; पण त्याच्या उत्तरात चूक झाली, तर पेटीवरील सर्व दिवे हिरवे असूनही एखाद्या रुग्णालयातील एका विभागाचे संगणक दुसऱ्या विभागाशी बोलेनासे होतात, आणि दोष कोठे आहे हे दिवसच्या दिवस उमगत नाही.

अठ्ठेचाळीस बिटांचा पत्ता

या पत्त्यांचा इतिहास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात सुरू होतो. तेथे रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एका टिपणात 'ईथरनेट' या जाळ्याची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात उतरविली. त्या प्रायोगिक जाळ्यातील पत्ता अवघ्या आठ बिटांचा होता. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक अंक. अशा आठ अंकांच्या २५६ निरनिराळ्या मांडण्या होतात. एका प्रयोगशाळेपुरते एवढे पत्ते पुरेसे होते.

परंतु जाळी वाढू लागली, एकमेकांस जोडली जाऊ लागली, आणि एका जाळ्यातील सतरा क्रमांकाचे यंत्र दुसऱ्या जाळ्यात नेले की तेथे आधीच सतरा क्रमांकाचे दुसरे यंत्र बसलेले आढळू लागेल, ही अडचण स्पष्ट दिसू लागली. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून ईथरनेटचे जे प्रमाण प्रसिद्ध केले, त्यात पत्ता अठ्ठेचाळीस बिटांचा ठरविण्यात आला. या निर्णयामागील विचार योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ साली एका निबंधात मांडला. दलाल हे मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर. प्रत्येक यंत्रास जन्मतःच असा क्रमांक मिळावा, की जगातील कोणत्याही जाळ्यात ते नेले तरी त्याची दुसऱ्याशी गल्लत होऊ नये, हे त्या विचाराचे सार होते.

अठ्ठेचाळीस बिटांच्या मांडण्या २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ होतात. म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी. पत्ता लिहिताना चार चार बिटांचा एक गट करून त्यास एक चिन्ह देतात. शून्य ते नऊ हे दहा अंक आणि ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे, अशी ही सोळा चिन्हे होत. म्हणूनच चिठ्ठीवर बारा अंकाक्षरे दिसतात. त्यांपैकी पहिली सहा निर्मात्याची व उरलेली सहा त्या वस्तूची, ही मूळ वाटणी. निर्मात्यांना पहिला भाग वाटून देण्याचे काम प्रारंभी झेरॉक्स कंपनी पाहत असे. पुढे ते विद्युत् अभियंत्यांच्या 'आय-ट्रिपल-ई' या संस्थेकडे आले. असा एक गट मिळाला, की निर्मात्याच्या हाती १,६७,७७,२१६ पत्ते येतात.

या पत्त्यातील पहिल्या बाइटात, म्हणजे पहिल्या आठ बिटांत, दोन बिटांना विशेष अर्थ आहे. एका बिटावरून पत्ता एकट्या यंत्राचा आहे की समूहाचा, हे कळते. त्याच्या शेजारच्या बिटावरून पत्ता जागतिक नोंदवहीतून आलेला आहे की जाळ्याच्या व्यवस्थापकाने स्वतः ठरविलेला आहे, हे कळते. या दुसऱ्या बिटाचे प्रयोजन पुढे येईल.

स्विचची नोंदवही

१९९० साली 'कल्पना' हे भारतीय नाव धारण करणाऱ्या अमेरिकेतील एका कंपनीने सात पोर्टांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. भारतीय वंशाचे अभियंते विनोद भारद्वाज हे तिचे संस्थापक होते. १९९४ साली सिस्को कंपनीने ती विकत घेतली. पेटी लहान होती. पण तिच्यात आणि आजच्या स्विचमध्ये कार्याचे तत्त्व एकच आहे.

संगणक जी माहिती पाठवितो ती लहान लहान पुडक्यांत बांधलेली असते. या पुडक्यांना फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमवर दोन पत्ते असतात: एक पाठविणाऱ्याचा, दुसरा घेणाऱ्याचा. स्विच पाठविणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि 'हा पत्ता अमुक पोर्टाकडे आहे' अशी नोंद आपल्या स्मृतीत करतो. मग घेणाऱ्याचा पत्ता त्याच नोंदवहीत शोधतो. नोंद सापडली तर फ्रेम त्याच पोर्टाने जाते. न सापडल्यास आलेले पोर्ट वगळून इतर सर्व पोर्टांनी पाठविली जाते. एखादा पत्ता बराच काळ, बहुधा ३०० सेकंद, पुन्हा दिसला नाही तर त्याची नोंद पुसली जाते. तोच पत्ता दुसऱ्या पोर्टाकडून आला तर जुनी नोंद खोडून नवी केली जाते.

या शेवटच्या नियमातच पुढील सर्व अडचणींचे बीज आहे. एक पत्ता एका वेळी एकाच ठिकाणी असतो, हे स्विचने गृहीत धरलेले असते. तोच पत्ता खरोखर दोन ठिकाणी असेल, तर नोंदवही क्षणोक्षणी बदलत राहते.

एका पेटीत अनेक जाळी

स्विच कितीही चतुर असला, तरी सर्वांना उद्देशून केलेली घोषणा त्यास सर्वांकडे पोहोचवावीच लागते. एका जाळ्यात शेकडो यंत्रे झाली, की या घोषणांचाच भार होतो. शिवाय शाळेच्या कार्यालयातील हिशेबाचे संगणक आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील संगणक एकाच जाळ्यात असणे इष्टही नसते. प्रत्येकासाठी निराळी पेटी घेणे खर्चाचे होते. यास्तव एकाच पेटीची विभागणी करून, जणू अनेक पेट्या आहेत असा व्यवहार करण्याची युक्ती निघाली. यास व्हर्च्युअल लॅन, थोडक्यात व्हीलॅन, म्हणतात.

या युक्तीचे सर्वमान्य प्रमाण आय-ट्रिपल-ई संस्थेने १९९८ साली प्रसिद्ध केले. त्यानुसार फ्रेममध्ये चार बाइटांची एक खूण घालता येते आणि तिच्यातील बारा बिटांत व्हीलॅनचा क्रमांक लिहिलेला असतो. बारा बिटांच्या ४०९६ मांडण्या होतात. पहिली व शेवटची राखीव असल्याने ४०९४ व्हीलॅन शक्य होतात. दहा क्रमांकाच्या व्हीलॅनमधील घोषणा वीस क्रमांकाच्या व्हीलॅनमध्ये ऐकू येत नाही, मग दोघांच्या तारा एकाच पेटीत का येईनात.

पण कार्यालयातील संगणकास कधीतरी प्रयोगशाळेतील यंत्राशी बोलावेच लागते. दोन व्हीलॅनमधील हा व्यवहार घडविण्यासाठी स्विचने प्रत्येक व्हीलॅनमध्ये स्वतःचे एक द्वार उघडलेले असते. तेच व्हीलॅन इंटरफेस होय. दहामधील संगणक आपली फ्रेम दहाच्या द्वाराशी आणून देतो. स्विच ती आत घेऊन, इंटरनेटचा पत्ता पाहून, वीसच्या द्वाराने बाहेर सोडतो.

आता द्वाराशी फ्रेम आणून द्यावयाची तर द्वाराचा मॅक पत्ता ठाऊक हवा. तो मिळविण्याची रीत डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. संगणक आपल्या जाळ्यात घोषणा करतो, 'अमुक इंटरनेट पत्ता कोणाचा? त्याने आपला हार्डवेअर पत्ता सांगावा.' द्वार उत्तर देते आणि संगणक ते काही काळ लक्षात ठेवतो. या उत्तरात स्विचने कोणता पत्ता सांगावा, हा प्रारंभी विचारलेला प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा राहतो.

पत्ता देण्याच्या तीन रीती

पहिली रीत अशी, की सर्व व्हीलॅन द्वारांनी एकच पत्ता सांगावा. कारखान्याने पेटीच्या स्मृतीत एक मूळ पत्ता कोरलेला असतो; दहाचे द्वार तोच सांगते, वीसचे द्वारही तोच सांगते. आलेली फ्रेम आपल्यासाठी आहे की नाही, हे ठरविताना स्विचला एकाच पत्त्याशी तुलना करावी लागते. त्यामुळे आतील मंडल साधे राहते आणि पत्त्यांची बचत होते. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांतही, निराळी आज्ञा दिली नसल्यास, व्हीलॅन इंटरफेस आपल्या आधारभूत इंटरफेसचाच पत्ता घेतो.

दुसरी रीत अशी, की कारखान्याने पेटीस एक पत्ता न देता सलग पत्त्यांचा एक गठ्ठा द्यावा. चिठ्ठीवर छापलेला असतो तो गठ्ठ्यातील पहिला. पेटीतील खोबणी व आभासी द्वारे यांना त्या पहिल्या पत्त्यात ठराविक संख्या मिळवून पुढचे पत्ते दिले जातात. उदाहरणार्थ, मूळ पत्ता ००-००-५ई-००-५३-०० असेल, तर पहिल्या व्हीलॅन द्वारास ००-००-५ई-००-५३-४०, दुसऱ्यास शेवटी ४१, तिसऱ्यास शेवटी ४२, असे पत्ते मिळू शकतील. येथे प्रत्येक दारास निराळा पत्ता आहे.

तिसऱ्या रीतीत व्यवस्थापक स्वतः पत्ता लिहून देतो. अशा वेळी पहिल्या बाइटातील तो दुसरा विशेष बिट एक ठेवणे योग्य असते. त्यामुळे हा पत्ता स्थानिक आहे, जगाच्या नोंदवहीतील नव्हे, हे पाहणाऱ्यास कळते आणि कोणा निर्मात्याच्या पत्त्याशी तो जुळण्याची भीती राहत नाही.

दुसरी रीत सर्वांत निर्दोष वाटेल. परंतु तिची किंमत हिशेबाने पाहावी. प्रत्येक पेटीस ६४ पत्ते दिले, तर निर्मात्याचा एक गट २,६२,१४४ पेट्यांना पुरतो. प्रत्येक पेटीस १०२४ दिले, तर १६,३८४ पेट्यांतच तो संपतो. सर्व संभाव्य व्हीलॅनसाठी ४०९६ पत्ते द्यावयाचे ठरविले, तर एका गटातून अवघ्या ४०९६ पेट्या निघतात. पत्ते विपुल असले तरी अमर्याद नाहीत, हे यावरून ध्यानात येईल.

एकाच नावाची दोन गावे

सर्व द्वारांचा पत्ता एकच असेल तर गोंधळ होत नाही काय? याचे उत्तर गावांच्या नावांत सापडते. महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव ही नावे कितीतरी गावांना आहेत. गावातल्या गावात कोणाचे काही अडत नाही; पण पत्र बाहेरून यावयाचे झाले की पिंपळगाव बसवंत, वडगाव मावळ असे जोडनाव लागते. नाव जेथे शोधले जाते, त्या क्षेत्रात ते एकमेव असले म्हणजे पुरे.

व्हीलॅनचेही तसेच आहे. बहुतेक आधुनिक स्विच नोंदवहीत केवळ पत्ता लिहीत नाहीत. व्हीलॅनचा क्रमांक आणि पत्ता अशी जोडी लिहितात. दहामधील तो पत्ता निराळा, वीसमधील तोच पत्ता निराळा. अशा ठिकाणी एकाच पत्त्याची अनेक द्वारे निर्धोक असतात.

परंतु सर्व शेजारी असे नसतात. काही स्विच सर्व व्हीलॅनसाठी एकच सामाईक नोंदवही ठेवतात आणि प्रमाणानेही त्यास मुभा दिली आहे. समजा, असा स्विच पहिल्या स्विचला दोन तारांनी जोडलेला आहे: एका तारेवर व्हीलॅन दहा, दुसरीवर व्हीलॅन वीस. दहाच्या द्वाराने फ्रेम पाठविली, की शेजारी लिहितो, 'हा पत्ता पहिल्या तारेकडे.' क्षणभराने वीसच्या द्वाराने फ्रेम पाठविली, की तो नोंद खोडून लिहितो, 'दुसऱ्या तारेकडे.' तेवढ्यात दहामधील संगणकाची द्वारासाठी फ्रेम आली, तर नोंदवही दुसऱ्या तारेकडे बोट दाखविते; ती तार तर वीसची, दहाच्या फ्रेमला तेथे प्रवेश नाही. फ्रेम तेथेच टाकून दिली जाते. पुढच्या क्षणी नोंद पुन्हा बदलते आणि सर्व सुरळीत चालते. असा रोग मधूनमधून उद्भवतो आणि तपासणाऱ्याच्या हाती लागत नाही. दोन्ही स्विच आपापल्या नियमाने अचूक वागत असतात. चूक कोणाचीच नसते, केवळ दोघांच्या नोंदवह्यांची क्षेत्रे जुळत नसतात. उपाय मात्र सोपा असतो: द्वारांना निरनिराळे पत्ते द्यावेत किंवा शेजाऱ्याची नोंदवही व्हीलॅनवार विभागावी.

काटकसरीचा एक धडा

पत्त्यांची बचत आणि ओळखीची स्पष्टता या दोहोंचा मेळ कसा घालता येतो, याचे एक सुंदर उदाहरण आहे. अनेक स्विच एकमेकांस जोडले असता तारांचे वर्तुळ तयार झाले, तर घोषणा त्यात अखंड फिरत राहतात. हे टाळण्याची पद्धती रेडिया पर्लमन यांनी शोधून काढली व १९८५ साली प्रसिद्ध केली. या पद्धतीत प्रत्येक स्विचची एक चौसष्ट बिटांची ओळख असते: सोळा बिट अग्रक्रमाचे व अठ्ठेचाळीस बिट मॅक पत्त्याचे. पुढे प्रत्येक व्हीलॅनसाठी ही पद्धती स्वतंत्रपणे चालविण्यात येऊ लागली, तेव्हा प्रत्येक व्हीलॅनसाठी निराळी ओळख लागू लागली. म्हणून काही मोठ्या पेट्यांना १०२४ पत्त्यांचा गठ्ठा दिला जाई.

२००१ साली प्रमाणात एक सुधारणा झाली. अग्रक्रमाच्या सोळा बिटांपैकी केवळ चार अग्रक्रमास ठेवून उरलेल्या बारा बिटांत व्हीलॅनचा क्रमांक लिहावा, असे ठरले. आता सर्व व्हीलॅनसाठी मॅक पत्ता एकच असला, तरी ओळख प्रत्येकीची निराळी होते आणि पेटीस लहान गठ्ठाही पुरतो. जोडनावाचीच ही रीत होय. या सुधारणेची खूण आजही दिसते: अशा स्विचवर अग्रक्रम हवा तो देता येत नाही; तो ४०९६ च्या पटीतच द्यावा लागतो, कारण खालचे बारा बिट दुसऱ्याच कामी लागलेले आहेत.

पेटी बदलली तर

पत्ता पेटीत कोरलेला असल्याने पेटी बदलली की पत्ता बदलतो. जुना स्विच नादुरुस्त झाला, नवा बसविला, इंटरनेट पत्ते जसेच्या तसे ठेवले, तरी संगणकांच्या लक्षात द्वाराचा जुनाच मॅक पत्ता असतो. काही यंत्रे तो काही मिनिटांत विसरतात, काही कित्येक तास धरून बसतात. तोवर त्यांचे पुडके अस्तित्वात नसलेल्या दाराकडे जात राहते. यासाठी नवा स्विच कोणी न विचारताच आपला पत्ता घोषित करतो. बहुतेक संगणक त्यावरून आपली नोंद सुधारतात.

अनेक पेट्या साखळीने जोडून एकच स्विच केलेला असेल, तर काही रचनांत प्रमुख पेटीचा पत्ता सर्वांचा धरला जातो. प्रमुख पेटी बंद पडून दुसरी प्रमुख झाली, की सर्व द्वारांचे पत्ते बदलू शकतात. म्हणून मूळ पत्ता काही काळ किंवा कायमचा तसाच ठेवण्याची आज्ञा देण्याची सोय अशा स्विचमध्ये केलेली असते. लिनक्समधील जोडपुलाचीही अशीच एक गोष्ट आहे. त्यास स्पष्ट पत्ता दिला नसेल, तर तो आपल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान पत्ता स्वतःचा मानतो. त्याहून लहान पत्त्याचे नवे पोर्ट जोडले, की पुलाचा पत्ता नकळत बदलतो.

यावरील सर्वांत समर्थ उपाय म्हणजे पत्ता कोणत्याच पेटीचा न ठेवणे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंटरनेट प्रमाणात दोन स्विच मिळून एक सामाईक द्वार चालवितात आणि त्या द्वाराचा पत्ता ००-००-५ई-००-०१ या अंकांनी सुरू होतो. शेवटच्या बाइटात १ ते २५५ पैकी गटाचा क्रमांक असतो. एक स्विच बंद पडला की दुसरा तोच पत्ता घेऊन उभा राहतो. यंत्र बदलते, दार तेच राहते, आणि संगणकांना काही कळतही नाही. तोच गट क्रमांक दोन व्हीलॅनमध्ये वापरला, तर त्यांचे पत्ते एकसारखे होतात. पण त्यांची क्षेत्रे निराळी असल्याने ते चालते.

१९८१ च्या त्या निबंधात पत्ता हा यंत्राचा मानला होता. यंत्र कोठेही न्या, त्याचे नाव तेच, अशी ती दृष्टी होती. व्हीलॅनच्या काळात तोच पत्ता दाराचा झाला, कधी अनेक दारांचा मिळून एक झाला, तर कधी यंत्रापासून सर्वस्वी सुटला. अठ्ठेचाळीस बिट तेच राहिले. ते कशाचे नाव आहे, हे मात्र बदलले. म्हणून जाळ्याची नोंद ठेवणाऱ्याने मॅक पत्त्याशेजारी व्हीलॅनचा क्रमांक लिहिण्यास विसरू नये. चिठ्ठीवरील क्रमांक पेटी कोणत्या कारखान्यात घडली हे सांगतो. त्या पत्त्यास कोणत्या दाराने उत्तर मिळेल, हे जाळे कसे आखले आहे त्यावरच ठरते.